पुलावर न वाजलेला पट्टा

अन्याय झाला तो माझ्या मामावर. गेल्या वर्षी, बनारसच्या देवदिवाळीच्या, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, इथल्या पंचगंगा घाटावरच्या विझलेल्या पणत्या अजून झाडून गोळा व्हायच्या होत्या तेव्हा. त्याला एका पांढऱ्या, आवाज न करणाऱ्या गाडीत बसवलं आणि वरुणा नदीच्या पलीकडे नेलं. जबरदस्ती केली नाही. हाताला धरून, 'सावकाश सर, पायरी आहे' म्हणत नेलं. खोटं सांगून नेलं.

पुण्यामुंबईच्या वाचकाला यात गुन्हा दिसणार नाही हे मला माहीत आहे. एक म्हातारा गाडीत बसला, पूल ओलांडला, परत आला. पोलीस चौकीवरही मला हेच ऐकवलं. 'पुल ही तो पार किया है, बिटिया, कौन-सा पाकिस्तान चले गए.' म्हणून आधी हद्द म्हणजे काय ते सांगते.

मामानं क्षेत्रसंन्यास घेतलेला होता. नावात संन्यास आहे, पण भगवे कपडे नाहीत, भिक्षा नाही, दाढी नाही. माणूस घरात राहतो, वरणभात खातो, पेपर वाचतो, शेजाऱ्यांशी भांडतो. फक्त काशीची हद्द तो मरेपर्यंत ओलांडत नाही. मामाच्या संकल्पात हद्द स्पष्ट होती: दक्षिणेला असी, उत्तरेला वरुणा, समोर गंगा. बास. त्यापलीकडे लग्न असो, बारसं असो, मौत असो, माणूस जाणार नाही.

मामा धार्मिक नव्हता. इंटर कॉलेजात त्यानं आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, तेही हिंदीतून. आमच्या मंगला गौरी गल्लीतल्या घरी आला की मराठी बोलायचा आणि वाक्याच्या मध्ये 'मतलब' घालायचा. मामी गेल्यावर त्यानं हा नेम धरला तेव्हा आई हसलीच होती.

'दादा, तू देवळात गेलास तर प्रसादाला. तुला कसला संन्यास?'

'म्हणूनच तर. देवालाही जरा गडबडायला होऊ दे.'

पण मला त्यानं खरं कारण सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. म्हणाला, मतलब असं बघ, माणूस जन्मभर बोलतो की हे करीन, ते सोडीन, आणि प्रत्येक गोष्टीला मागचं दार ठेवतो. मला एक तरी गोष्ट अशी करून बघायचीय जिला मागचं दार नाही.

त्याची किंमत त्यानं भरली. मुलीचं लग्न पुण्यात झालं. हा गेला नाही. तिच्या बाळंतपणात गेला नाही. त्याचा धाकटा भाऊ, माझा लहान मामा, नागपुरात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा आईनं मोठ्या मामाचे पाय धरले. 'दादा, जा रे. येऊन प्रायश्चित्त घे. शास्त्रात सोय असते.' मामा म्हणाला, 'सोय बघून नेम धरत नाहीत. सोय बघून लॉज धरतात.' आई त्याच्याशी पुढं किती तरी महिने धड बोलली नाही. लहान मामाला नागपुरात अग्नी दिला त्या दुपारी मोठा मामा पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी होते. तो रडला नाही. वरच्या मशिदीची सावली पायऱ्यांवरून खाली सरकत आली, पाण्याला लागली, तरी तो उठला नाही. एकदाच म्हणाला, 'तो मला माफ करणार नाही. त्यानं करूही नये.'

ही त्या हद्दीची किंमत. आता कंपनीकडं येते.

मंगला गौरीवरून घाटाकडं उतरताना एक जुनी मराठी धर्मशाळा आहे. काशीवास करायला आलेल्या एकट्यादुकट्या माणसांना तिथं खोल्या मिळायच्या. नाव घेत नाही, कारण विश्वस्त आमच्यातलेच आहेत, वर्षातून एकदा महाराष्ट्रातून येतात, दर्शन घेतात, मलइयो, म्हणजे इथला थंडीतला दुधाचा गोड फेस, खातात आणि जातात. मामा तिथं पहिल्या मजल्यावर राहायचा. आणखी दोन सोलापूरकडच्या म्हाताऱ्या बायका होत्या, एकमेकींच्या नणंद-भावजय, रोज भांडणाऱ्या. गच्चीवर मामाचा सौरचुलीचा डबा असायचा: पत्र्याची पेटी, आत काळा रंग, वर काच, झाकणाला आरसा. माकडं त्या आरशात स्वतःचं तोंड बघून पळायची. मामा म्हणायचा, शहाणी आहेत, आपल्यासारखी बघत उभी राहत नाहीत.

मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. उलट याच गल्ल्यांतून डिझेल जनरेटरच्या विरोधात मी पत्रकं वाटलीयत, लोकांनी त्यांत कचोरी बांधलेली बघितलीय. तेव्हा मला कुणी प्रगतीचं महत्त्व समजावू नये.

त्या धर्मशाळेत एक तरुण संस्थापक आला. पुण्याचा. आधी उपग्रहांच्या फोटोंवरून शेतं मोजणाऱ्या कंपनीत होता. मग त्यानं स्वतःचा स्टार्टअप काढला. कल्पना अशी: शहरातल्या थकलेल्या लोकांना एकवीस दिवस काशीत आणायचं, कमी वस्तूंत, कमी फोनमध्ये, फक्त उन्हावर चालणाऱ्या घरात ठेवायचं. गुंतवणूकदारांचा पहिला पैसा मिळाला होता, दुसरा मिळवायचा होता. विश्वस्तांनी इमारत त्याला चालवायला दिली. 'आपलाच मुलगा आहे,' म्हणाले. आपलाच मुलगा. आपल्या माणसांनी यापेक्षा कमी विचार करून इतकं मोठं काही कधी कुणाला दिलं नसेल.

मामाला तो आवडला. हे मला लपवायचं नाही. मामा दिवस मावळला की घाटावर उभा राहून पोरांना आकाशातून सरकत जाणारे उपग्रह दाखवायचा. चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी त्यानं धर्मशाळेच्या अंगणात टीव्ही आणून ठेवला होता, नणंद-भावजयीला खुर्च्या दिल्या होत्या. आणि आता उपग्रहांबरोबर काम केलेला मुलगा त्याच्या गच्चीवर मांडी घालून बसला होता. आईनं पोहे पाठवले, ते घेऊन मी गेले तेव्हा दोघं लॅपटॉपवर वाकले होते. पडद्यावर अख्खं बनारस, वरून.

'सर, तुम्ही जे करताय त्याला बाहेर इंटेन्शनल लिव्हिंग म्हणतात.'

'म्हणजे?'

'ठरवून जगणं.'

'आमचा शिपाई रोज ठरवून उशिरा यायचा. त्याला पण घ्या.'

मुलगा हसला, पण हसताना पडद्यावरून नजर काढली नाही. 'सर, तुमची हद्द दाखवाल? बोटानं काढा.'

मामानं चष्मा पुसला आणि काढली. असीपासून बोट निघालं, वर चढलं, वरुणेच्या वळणावळणानं गेलं, संगमाला येऊन थांबलं. इतक्या हलक्या हातानं, की वाटावं खरंच एखाद्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवतोय. त्याच्या बोटामागं एक निळी रेघ उमटत गेली. 'सेव्ह केली सर,' मुलगा म्हणाला.

मला काहीतरी खटकलं ते तिथं. का खटकलं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

महिन्याभरात ती निळी रेघ विकायला निघाली. पाहुण्यांना मनगटावर बांधायचा एक पट्टा मिळायचा. एकवीस दिवस हद्दीत राहायचा संकल्प करायचा. हद्द ओलांडली की पट्टा थरथरतो आणि बारीक शिट्टी वाजवतो. मामा ज्याच्यासाठी भावाच्या चितेला मुकला ते आता नाश्त्यासकट मिळत होतं. मी मामाला हे असंच, याच शब्दांत सांगितलं.

'पत्रकवाली,' तो म्हणाला, तो मला याच नावानं चिडवायचा, 'लोक एकवीस दिवस तर एकवीस दिवस. कुणी एक तास शांत बसला तरी माझं काय गेलं?'

'तुझं नाव वापरतायत, मामा. तुझा फोटो.'

'फोटो बरा आलाय का?'

पहिला पट्टा त्यालाच मिळाला. त्यानं तो काढलाच नाही. आंघोळीतही नाही. येईल त्याला मनगट पुढं करून दाखवायचा: 'वरती तीन-चार उपग्रह सारखे बघतायत माझ्याकडं. तुझ्याकडं कोण बघतं?'

गच्चीवर पॅनेल आले. सौरचुलीचा डबा कोपऱ्यात गेला, मग जिन्याखाली. खालच्या मजल्यावर पूर्वी जिथं पंगतीचा स्वयंपाक व्हायचा त्या खोलीत बॅटऱ्या मांडल्या. ई-रिक्षांतून काढलेल्या, पुन्हा बांधलेल्या. जुन्या बॅटऱ्यांना दुसरा जन्म, असं भिंतीवर लिहिलंही होतं. माकडं आत शिरू नयेत म्हणून खिडकी विटांनी बुजवली. त्या खोलीच्या नेमकी वर मामाची खोली.

मग खालून एक घरघर सुरू झाली. मोठी नव्हती. दारं बंद केली की कळायची, जसं कानात पाणी गेलं की कळतं. नणंद म्हणाली कुणीतरी खाली जातं ओढतंय. भावजय म्हणाली, तुझ्या घशाचा आवाज आहे तो. आश्विनात एकदा आई मामाला डबा द्यायला गेली आणि दारातच थबकली.

'दादा, तुझी फरशी गरम का लागतेय?'

मामा म्हणाला, ऊन असेल. खोलीला ऊन यायचंच नाही. आईला ते माहीत होतं, त्यालाही. तो खाली जाऊन संस्थापकाला भेटला आणि मास्तरासारखं विचारलं: एवढ्या बॅटऱ्या, हवा कुठून जाते?

'सेन्सर आहेत सर. काही झालं तर आपल्याला वास यायच्या आधी कळेल.'

मामाला ते पटलं. उपकरण आहे म्हटलं की त्याला पटायचं. पोरांना त्यानं जन्मभर तेच शिकवलं होतं, की हाताला काय वाटतं ते सोडा, काटा काय दाखवतो ते वाचा.

देवदिवाळीला गुंतवणूकदार आले. त्यांच्यासाठी मोठी नाव सजवली होती आणि नावेतून बघायला धर्मशाळा. भिंतीभर दिवे, सगळे 'स्वच्छ'. घाटांवर त्या संध्याकाळी माणसांचा किती लोंढा असतो ते बनारसच्या माणसाला सांगायला नको. पायऱ्यांवर पणत्या, कळकांवर टांगलेल्या टोपल्यांत आकाशदिवे, आणि त्यांच्या मागं आमची इमारत, पांढरीफटक. मी मामाच्या खोलीत होते. खिडकीतून आरतीच्या घंटा ऐकू येत होत्या आणि फरशीतून ती घरघर, आता चढलेली. मग वास आला. गोडसर, प्लास्टिक वितळल्यासारखा. मी खाली धावले. बॅटऱ्यांच्या खोलीच्या दाराखालून पातळ धूर येत होता आणि दारासमोर संस्थापक स्वतः उभा होता. त्याच्या हातात उदबत्त्यांचा पुडा होता. तो एकामागून एक उदबत्ती पेटवत होता.

'ताई, कंट्रोलमध्ये आहे,' तो म्हणाला. 'प्लीज, वरती पाहुणे येतायत.'

मी ओरडले. त्यानं मेन बंद केला, धूर थांबला. भिंतीवरचे दिवे गेले. नावेतल्या पाहुण्यांना सांगितलं गेलं की हा मौनाचा क्षण आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाहुण्यांना घर दाखवायचं होतं. घरात तीन म्हातारे होते ज्यांनी रात्रभर खोकून काढली होती आणि जे विचारेल त्याला खरं सांगितलं असतं. म्हणून, आणि फक्त म्हणून, ती पांढरी गाडी आली. सांगताना सांगितलं: सुरक्षेची तपासणी आहे, तुम्ही नाश्ता आमच्या गेस्टहाउसात करा, दुपारी परत आणतो. मी तेव्हा घरी कपडे बदलायला गेले होते. आता जे सांगते ते मामाकडून आणि त्या दोघींकडून ऐकलेलं आहे.

मामानं आढेवेढे घेतले नाहीत. खोली रिकामी करायला हवी हे त्याला फिजिक्सनंच कळत होतं. एकच प्रश्न विचारला. 'गेस्टहाउस हद्दीच्या आत आहे ना?'

संस्थापकानं फोन काढला, बघितलं, पडदा मामासमोर धरला. निळ्या रेघेच्या आत एक ठिपका, बाकी नकाशा पडद्याबाहेर. 'आत आहे सर. आणि तुमच्या हातात पट्टा आहेच की.'

गाडीच्या काचा काळ्या होत्या. देवदिवाळीच्या गर्दीमुळं पोलिसांनी रस्ते वळवलेले. मामा गल्ल्यांतला माणूस, इतक्या वर्षांत तो मैदागिनच्या चौकापलीकडं गेला नव्हता, आणि पलीकडचे रस्ते तर सगळे फोडून रुंद केलेले. रात्रभर झोप नाही. गाडीला आवाज नाही. त्याचा डोळा लागला.

नणंदेनं त्याला हलवलं. 'मास्तर, अहो, हा कसला घाण वास?'

भावजय म्हणाली, 'तूच उघडली असशील लोणच्याची बरणी.'

वरुणेचा वास बनारसमध्ये कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. नदी म्हणायची म्हणून म्हणायची, पाणी काळं, वर फेस. तो वास येतो म्हणजे पूल जवळ आला. मामा ताडकन उठून बसला, मनगटाकडं बघितलं. पट्टा गप्प. हिरवा बारीक दिवा, स्थिर. मामा पुन्हा मागं टेकला. नणंदेला म्हणाला, नाल्याचा असेल, नदी नाही, नदी असती तर हा वाजला असता.

आणि गाडी पुलावर होती.

दोन्ही कठड्यांमधून पाणी चकाकलं तेव्हा त्याला कळलं. त्यानं ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, 'बाबूजी, पुल पर कैसे रोकें, पीछे लाइन लगी है.' दार आपोआप बंद होणारं, आतून उघडेना. मामा काचेवर पंजे मारत होता असं नणंद सांगते. भावजय, जी तिला एक वाक्य पुरं करू देत नाही, ती तेव्हा तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवते.

पलीकडं गाडी थांबली. मामा उतरला आणि चालत पूल ओलांडून अलीकडं आला, दोघी त्याच्या मागं. नणंदेच्या फोनवरून मला फोन. मी पोचले तेव्हा वरुणेवरच्या पुराना पुलाच्या अलीकडच्या टोकाला एका पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर तो बसला होता, दोघी त्याच्या दोन बाजूंना. कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानं पट्टा काढून माझ्या हातात दिला. मनगटावर पांढरा वळ.

'हा घाल. ऑटो कर आणि पुढं जा. कुठं वाजतो बघून ये.'

'मामा, घरी चल आधी.'

'जा म्हटलं ना.'

मी गेले. पूल मागं पडला. पट्टा गप्प. पहाडिया मागं पडलं. आशापूरचा चौक मागं पडला. मी मनगट कानाशी धरून बसले होते, ऑटोवाला आरशातून बघत होता. सारनाथ आलं. पर्यटकांच्या बस, बुद्धाच्या छोट्या मूर्ती विकणारे, स्तूपाचा कठडा. गप्प. कंपनीचं गेस्टहाउस आलं, दारात केळीचे खांब, आणि तेही मागं पडलं. मग पार्किंगच्या शेवटच्या भिंतीशी, जिथून पुढं शेतं लागतात, माझ्या मनगटावर काहीतरी जिवंत झाल्यासारखं थरथरलं. शिट्टी वाजली. 'क्या हुआ दीदी?' ऑटोवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, परत फिरव.

रेघ हलवली होती. मामानं बोटानं काढलेली वरुणेवरची रेघ कुणीतरी उचलून सारनाथच्या पार्किंगपर्यंत ओढली होती.

मी तशीच धर्मशाळेत गेले. गुंतवणूकदार अंगणात चहा घेत होते. संस्थापकानं मला बाजूला घेतलं. तो चिडला नाही, घाबरला नाही. मला त्याच्या त्या शांतपणाची आजही भीती वाटते.

'ताई, युजर फीडबॅक होता. पाहुण्यांना सारनाथ बघायचं असतं. तिकडं गेले की पट्टा सारखा वाजायचा. लोकांना गिल्टी वाटायचं. म्हणून बाउंड्री थोडी फ्लेक्सिबल केली.'

'मामाला सांगितलंत?'

'अपडेट सगळ्यांच्या पट्ट्यांना आपोआप जातं.'

'त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, आत आहे ना म्हणून.'

'आणि आत आहे,' तो म्हणाला. 'मी खोटं बोललो नाही, ताई. तुम्ही मॅप बघा.'

लक्षात घ्या. यांनी बॅटरीची भीती निर्माण केली, मग त्याच भीतीच्या नावावर माणसाला खोलीबाहेर काढलं, आणि त्याची हद्द त्याच्या मनगटावरच बदलून ठेवली, त्याला न सांगता. यासाठी कायद्यात कलम नाही. मी शोधलंय. वकिलानं मला चहा पाजला आणि म्हणाला, नुकसान काय झालं ते सांगा.

नुकसान सांगते. आमच्या ओळखीतल्या एका शास्त्रीबुवांनी मामाला समजावलं की हे नकळत घडलं, अज्ञानाचा दोष लहान, प्रायश्चित्त घ्या, संकल्प नव्यानं करा. चांगला माणूस, मनापासून बोलला. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'नवा करता येईल हो. पण भाऊ गेला तेव्हा मी गेलो नव्हतो, ते जुन्याच्या जिवावर. ते आता कशाच्या जिवावर ठेवू?'

आई उठून आत गेली.

पुण्याहून मामेबहिणीचा फोन आला. तिनं प्रेमानंच म्हटलं. 'बाबा, आता तसंही मोडलंय ना, मग या की इकडं. नातीला बघा.' मामानं फोन माझ्याकडं दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. ती रडत होती, मी काय बोलले आठवत नाही. त्या एका 'तसंही'नं त्याचं जे झालं ते पुलानंही झालं नसेल.

आता तो आमच्याकडं राहतो. जेवतो, पेपर धरतो. वाचतो का माहीत नाही. दिवस मावळला की पोरं खालून हाका मारतात, मास्टरजी, आज सॅटेलाइट दिखेगा? तो आईला सांगतो, झोपलेत म्हणून सांग. मध्यंतरी मी त्याला विचारलं, तुला नक्की काय हवंय, मी ते करते. म्हणाला, 'माझी खोली. खालच्या बॅटऱ्या हलवून. मला तिथं मरायचंय आणि खरं खोटं काय झालं ते वर गेल्यावर भावाशी बोलायचंय. बाकी तुझं चालू दे.'

एवढीच मागणी आहे. एक खोली. त्याचं काय झालं ते ऐका. तपासणीच्या नावानं तिला कुलूप घातलं. त्या दोघींनाही परत आत घेतलं नाही. त्या आता ब्रह्माघाटावर एका ओळखीच्यांच्या ओसरीत आहेत. महिन्यानं कुलूप निघालं. भिंती पांढऱ्या झाल्या, जिन्याखालचा सौरचुलीचा डबा काढून, पुसून, खिडकीत मांडला, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ती खोली आली: 'मूळ साधकाचं दालन'. खाली मामाचा तो बरा आलेला फोटो. ज्यानं कधी हद्द ओलांडली नाही असा माणूस, असं त्याखाली लिहिलंय. दुसरा पैसाही मिळाला त्यांना. हाच फोटो दाखवून मिळाला. बॅटऱ्या अजून तिथंच आहेत, विटांनी बुजवलेल्या खिडकीमागं, त्याच दालनाच्या खाली. मी भिंतीला हात लावून आले. कोमट आहे.

आणि या माघात भोसले घाटाच्या वर एक ड्रोन फिरताना मी बघितला, रोज दुपारी. गच्च्या मोजतो. जिथं जिथं एकटं म्हातारं माणूस राहतं तिथं पुण्याकडची मराठी बोलणारी गोड मुलं येऊन बसतात, चहा पितात, विचारतात, आजी, तुमचा नेम काय असतो हो? ब्रह्माघाटावरच्या ओसरीतही आली होती. भावजयीनं त्यांना पाणी सुद्धा विचारलं नाही. नणंद मात्र बोलली. तिला कुणी विचारलं की ती बोलते.

तुमच्यापैकी काहींनी त्या दालनाचं बुकिंग केलेलं आहे. मराठी नावं बरीच आहेत, पुढच्या कार्तिकापर्यंत जागा नाही म्हणतात. तुम्हाला थकवा आला असेल, तुम्ही वाईट माणसं नसाल. बुकिंग रद्द करा. आज करा, हे वाचून झाल्यावर, फोन हातात आहे तोवर. कारण विचारतील. तिथं लिहा की या खोलीत एक माणूस राहतो, त्याची खोली त्याला परत द्या आणि खालच्या बॅटऱ्या हलवा.